सत्तावीस हजार सातशे वीस

माझं ऱ्हस्व-दीर्घ कच्चं आहे आणि अक्षर तर दुसऱ्या दिवशी माझं मलाच लागत नाही, त्याची माफी असावी. चौथीत मोठा भागाकार आला आणि माझी शाळा सुटली. म्हणून तर सामंतकाकांकडे पंचवीस हजार उसने मागितले आणि त्यांनी सत्तावीस हजार सातशे वीस पुढे ठेवले, तेव्हा वरचे व्याजाचे असणार असं समजून मी घाबरले.

माणिकपूरला आम्ही भाड्याने राहायचो, काका समोरच्या दारात. केळी आणायचे ती बाराच. दहा आणणाऱ्याची त्यांना कीव यायची. तिघं पाहुणे आले तर वाटणार कशी, म्हणायचे. पाहुणे आलेले मी कधी पाहिले नाहीत. काकू गेलेल्या, मुलगा परदेशी. बारा केळी खायला काका एकटेच.

सत्तावीस हजार सातशे वीस हा त्यांचा लाडका आकडा. एकपासून बारापर्यंत कशानेही भागा, बाकी शून्य. त्याहून लहान कुठल्याच आकड्याला हे जमत नाही, हे ते मुलाचे मार्क सांगावे तसे सांगत.

"पंचवीस हजाराला तिनाने भाग जात नाही, सहाने नाही, साताने नाही. असले पैसे मी देत नाही. हे घे. बारापर्यंत कितीही हप्ते कर, अडणार नाहीस."

वालीवला आम्ही विकत घेत होतो त्या खोलीचे उरलेले पैसे त्याच आठवड्यात भरायचे होते, नाहीतर खोली दुसऱ्याला जाणार होती. मी घाईघाईत कबूल केलं, पुढच्या गणपतीपर्यंत दर संकष्टीला हप्ता देईन. उपास असतो, म्हणजे विसरणार नाही. काकांनी पंचांग उघडलं आणि त्यांचा चेहरा उतरला. अधिक महिन्याचं वर्ष. संकष्ट्या तेरा.

"तेराने भाग जात नाही गं. चार उरतात."

आता पैसे परत घेतात म्हणून मी रडायच्या बेतात. माझ्याकडे बघून ते पुटपुटले, तेरा तर तेरा.

आम्ही वालीवला गेलो. दर संकष्टीला मी दोन हजार एकशे बत्तीस घेऊन येई. काका साबुदाण्याची खिचडी करून ठेवत. साबुदाणा कच्चा, मीठ दुप्पट. मी मुकाट खाई. पुढे माझीच डब्यातून नेऊ लागले.

तेराव्या हप्त्याला मी वरचे चार रुपये मोठ्या ऐटीत ठेवले. काकांनी ते परत केले.

"हे आज नकोत. दर संकष्टीला एक आण."

"पण काका, बाकी राहील ना?" मी शहाणीने विचारलं.

"राहू दे," ते म्हणाले आणि खिचडीत तोंड घातलं.

एक रुपया द्यायला मी चार महिने रिक्षाला पैसे घालत होते. घरी नवरा हसायचा. चौथा रुपया दिला त्या दिवशी काकांनी वही उघडली, पेन काढलं, पण लिहीचनात. नुसते टोपण लावत-काढत बसले. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला.

मी म्हटलं, डबा इथेच असू दे काका, पुढच्या संकष्टीला नेईन.

मग त्यांनी लिहिलं, बाकी शून्य.