मार्डेलने स्वतःचं कौतुक केलं

"तुमच्या अंगचे तीन गुण सांगा," ऑर्लिन म्हणाला. त्याने मुलाखत घेणाऱ्यासारखं दिसावं म्हणून टाय लावला होता, पण खाली घरातली चप्पलच होती.

मार्डेलने स्वयंपाकघराच्या खिडकीतून बाहेर पाहिलं. मग टेबलावरचा चुरा बोटाने गोळा केला. मग म्हणाली, "तीन?"

"इथं तीनच लिहिलंय."

"एक चालणार नाही का?"

"बरं, एक सांग."

"मी वेळेवर येते." ती थांबली. "म्हणजे बहुतेक वेळा. रस्त्यावर बर्फ नसेल तर."

टेबलावर ठेवलेल्या फोनमधून त्यांची मुलगी कारी हे सगळं ऐकत होती. ती मिनिआपोलिस शहरात एका मोठ्या कंपनीत माणसं नेमायचं काम करायची, म्हणून शिकवणीची जबाबदारी तिच्यावर होती. "आई," ती म्हणाली, "डेअरीचं ऑफिस इतकी वर्षं तू एकटीने चालवलंस. ते सांग ना."

"एकटीने कुठं? बाकीचेही होते."

"ऑफिसात? कोण होतं?"

मार्डेलने प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. "मांजर होतं."

आमच्या निस्टेड गावची डेअरी वसंतात बंद पडली होती. मार्डेलच्या वयाच्या बाईला गावात मिळण्यासारखी नोकरी आता एकच उरली होती. ती म्हणजे गावच्या वृद्धाश्रमाच्या ऑफिसची व्यवस्थापक. गुरुवारी मुलाखत होती. ती नोकरी नाही मिळाली तर ऑर्लिनच्या पेन्शनवर घर चालणार नव्हतं. मग घर विकून कारीच्या तळघरात राहायला जायचं, असं ठरलेलं होतं. तळघर चांगलं होतं. त्यात गालिचा होता. कारी जेव्हा जेव्हा त्या गालिच्याबद्दल बोलायची, तेव्हा ऑर्लिन उठून गॅरेजमध्ये जायचा आणि बराच वेळ यायचा नाही.

"आई, तिथला नवा संचालक टेक्ससचा आहे," कारी म्हणाली. "त्या लोकांना तुझं 'वाईट नाही' आणि 'चालतंय' कळत नाही. तू स्वतःबद्दल चांगलं बोलली नाहीस तर तो समजेल, हिच्यात चांगलं काही नाहीच."

"अगं, पण तोंडातून निघतच नाही ते."

"सवय नाही म्हणून. आजपासून सवय कर. लहान लहान गोष्टींपासून. कुणी एखाद्या गोष्टीचं कौतुक केलं की नाही म्हणायचं नाही. हो, छान झालंय, असं म्हणायचं. बास."

सल्ला तसा बरोबर होता. निदान मला तरी त्यात खोट दिसत नाही. पण कारीला गाव सोडून बरीच वर्षं झाली होती, आणि काही गोष्टी माणूस लांब राहिला की विसरतो.

रविवारी प्रार्थना संपल्यावर सगळे नेहमीप्रमाणे चर्चच्या तळघरात कॉफीला जमले. मार्डेलने लिंबाच्या वड्या करून आणल्या होत्या. आर्लिस टॉफ्टीने एक तोंडात टाकली. आर्लिस म्हणजे मार्डेलची शाळेपासूनची मैत्रीण.

"मस्त झाल्यात गं वड्या," आर्लिस म्हणाली.

यावर काय म्हणायचं ते आमच्याकडे लहान मुलांनाही ठाऊक असतं. कडा करपल्यात, लिंबू कमी पडलं, तुझ्यासारख्या नाही जमत. मग आर्लिसने म्हणायचं, छे, माझ्या तर दगडासारख्या होतात. मग दोघींनी कॉफी घ्यायची.

मार्डेलने श्वास घेतला. "हो," ती म्हणाली. "छान झाल्यात. माझ्या नेहमीच छान होतात."

आजूबाजूचं बोलणं थांबलं. कुणाचा तरी चमचा बशीवर वाजला, तेवढाच आवाज. आर्लिसने हातातली उरलेली वडी हळूच खाली ठेवली आणि मार्डेलच्या दंडावर हात ठेवला.

"मार्डेल," ती अगदी हळू आवाजात म्हणाली, "बरी आहेस ना?"

आता मार्डेलला खरं सांगता आलं असतं, की मुलाखतीसाठी सराव करतेय. पण मुलाखतीला जाणार हे चारचौघांत सांगायचं म्हणजे आपल्याला ती नोकरी मिळावी इतकं स्वतःला मोठं समजतो, हे सांगण्यासारखंच. एका दिवसात एवढा गर्व तिला झेपला नसता. म्हणून ती नुसती म्हणाली, "बरी आहे मी."

निस्टेडमध्ये 'बरा आहे' हे पाय मोडलेला माणूस म्हणतो. ऑर्लिनच्या भावाने तेच शब्द हृदयविकाराचा झटका आल्यावर अँब्युलन्समध्ये उच्चारले होते. आर्लिसच्या डोळ्यांत पाणी आलं.

सोमवारी सकाळी दारावरची घंटा वाजली. ऑर्लिनने दार उघडलं तर बाहेर कुणी नव्हतं, पायरीवर हॉटडिशचा डबा होता. खिमा, मश्रूमचं सूप आणि वर बटाट्याचे कुरकुरीत गोळे, अजून गरम. झाकणावर आर्लिसचं नाव चिकटवलेलं होतं, डबा परत करण्यासाठी. आमच्याकडे हॉटडिश पायरीवर ठेवून जातात ते घरात कुणी गेलं असेल तर. किंवा जाण्याच्या बेतात असेल तर.

"हे कशासाठी?" मार्डेलने विचारलं.

"विचारू नकोस," ऑर्लिन म्हणाला. तो काटा शोधत होता.

दुपारपर्यंत आणखी दोन आले. मंगळवारी फ्रीझरचं झाकण लागेना. मार्डेलने आर्लिसला फोन केला.

"आर्लिस, तुझा काहीतरी गैरसमज झालाय. मला काहीही झालेलं नाही."

 पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. "तू ना, पहिल्यापासून अशीच," आर्लिस म्हणाली. "आमची काळजी करतेस, आत्तासुद्धा."

"आत्तासुद्धा म्हणजे?"

"काही नाही गं. तू पड थोडी."

मार्डेलने ऑर्लिनला हार्डवेअरच्या दुकानात पाठवलं. तिथं गावातले निम्मे पुरुष खिळे घ्यायच्या निमित्ताने दिवसभर बसलेले असतात. खरं काय ते त्यांना सांगून ये, म्हणजे ते घरी जाऊन बायकांना सांगतील, असा तिचा विचार होता. ऑर्लिन तासाभराने परत आला.

"सांगितलंस?"

"सांगायची वेळच आली नाही. मी आत पाऊल टाकलं तसे सगळे उठून उभे राहिले. मग एकाने विचारलं, कसं चाललंय."

"मग तू काय म्हणालास?"

"कसं चाललंय विचारल्यावर मी काय म्हणतो? म्हटलं, दिवस ढकलतोय."

मार्डेल खुर्चीत बसली. "ऑर्लिन, अरे काय हे."

"नेहमी तेच म्हणतो मी. पण आज त्यांनी खिळ्यांचे पैसे घेतले नाहीत."

बुधवारी दुपारी चर्चचे पास्टर एरिक आले. मार्डेलला बरं वाटलं, कारण नोकरीच्या अर्जात तिने चौकशीसाठी त्यांचंच नाव दिलं होतं. वृद्धाश्रमातून त्यांना फोन आला असणार आणि ते त्याबद्दल सांगायला आले असणार. झालंही तसंच होतं. पास्टर कोट न काढताच बसले आणि टोपी दोन्ही हातांत फिरवू लागले.

"त्या नव्या संचालकांचा फोन आला होता. मिस्टर डेलगाडो. तुमच्याबद्दल विचारत होते."

"मग? तुम्ही काय सांगितलंत?"

"म्हटलं, इतकी धीराची बाई मी पाहिली नाही. म्हटलं, शेवटपर्यंत काम करत राहायची तिची इच्छा आहे."

"कुणाच्या शेवटपर्यंत?"

पास्टरांनी टोपीकडे पाहिलं. "ते आपल्या हातात नसतं, मार्डेल."

ते गेल्यावर मार्डेल ओट्याला टेकून उभी राहिली. मरायला टेकलेल्या बाईला कोण ऑफिस सांभाळायला देणार? तिच्या डोळ्यांसमोर गालिचा आला. मऊ, राखाडी, भिंतीपासून भिंतीपर्यंत.

तिने कारीला फोन लावला. कारी म्हणाली, "सोपं आहे, आई. उद्या आणखी जोरात कौतुक कर. एकदम तडफदार. ठणठणीत दिसशील." आणि तिने चार वाक्यं सांगितली. मार्डेलने ती भांडी घासताना पाठ केली. ऑर्लिन शेजारी उभा राहून भांडी पुसत होता. तिसरं वाक्य ऐकून तो लाजला आणि दुसऱ्या खोलीत गेला.

गुरुवारी मुलाखतीच्या खोलीत दोघं होते. मिस्टर डेलगाडो, चकचकीत बुटांचे, हसऱ्या चेहऱ्याचे. आणि विश्वस्त मंडळाच्या अध्यक्ष लवर्न हॅगन, ज्यांनी नवरा गेल्यावर एकटीने शेती केली आणि आता काठी घेऊन सगळं गाव सांभाळतात. बाहेर बाकावर डुलुथ शहरातून आलेली एक तरुण बाई वाट पाहत होती. मार्डेल आत येत असताना तिच्याशी हात मिळवून ती बाई म्हणाली होती, या कामासाठी माझ्याइतकं योग्य कुणी नसेल. मार्डेलला तिची काळजीच वाटली.

मार्डेलच्या खुर्चीवर उशी होती. खुर्चीच्या पाठीवर एक गोधडी घडी करून ठेवलेली होती.

"आधी एक सांगतो," डेलगाडो म्हणाले. "उमेदवाराच्या तब्येतीबद्दल विचारायला आम्हाला कायद्याने मनाई आहे. म्हणून मी विचारत नाहीये."

"विचारलंत तर बरं होईल," मार्डेल म्हणाली.

"नाही, नाही. मी काही विचारलेलं नाही. लवर्न, तुम्ही साक्षीला आहात."

"पण मला सांगायचंय की मी—"

"सांगूही नका. मला ऐकताही येत नाही ते." त्यांनी घाईने कागद उलटला. "तुमच्या अंगचे गुण सांगा."

मार्डेल ताठ बसली. "मी अत्यंत कार्यक्षम आहे," तिने सुरुवात केली. "माझं नेतृत्व—"

लवर्नबाईंनी पर्समधून रुमाल काढला. मार्डेलने ते पाहिलं. पुढचं वाक्य तिच्या जिभेवर आलं आणि तिथंच बसून राहिलं. "नेतृत्व," ती पुन्हा म्हणाली. मग तिचे खांदे खाली आले.

"हे माझ्या मुलीने पाठ करून घेतलंय," ती म्हणाली. "ती हुशार आहे. तिच्या बापावर गेलीय. मला ऑफिसचं थोडंफार जमतं, एवढंच. रविवारपासून हा सरावच चाललाय माझा, आणि अजून एकसुद्धा वाक्य धड येत नाही."

लवर्नबाईंचा रुमाल नाकाशी पोचता पोचता थांबला. त्या काठीवर हात ठेवून पुढे झुकल्या. "मार्डेल, डेअरी बंद पडली तेव्हा शेतकऱ्यांचे सगळे चेक वेळेवर मिळाले. एकाचाही राहिला नाही. ते कुणी केलं?"

"आपलं टपालखातं चांगलं आहे," मार्डेल म्हणाली.

"आणि मॅनेजर पळून गेला होता तेव्हा?"

"तो फोन नंबर ठेवून गेला होता. चुकीचा होता, पण ठेवला होता. तेवढी मदत झाली."

"कॉम्प्युटर जळाला तेव्हा?"

"पेन्सिली होत्या की."

लवर्नबाईंनी रुमाल पर्समध्ये ठेवला आणि पर्स खटकन बंद केली. त्यांचा चेहरा रविवारनंतर पहिल्यांदाच सैलावला. "ही बाई धडधाकट आहे," त्या डेलगाडोंना म्हणाल्या. "ती गोधडी द्या इकडे. मलाच गार लागतंय."

डेलगाडो एकीकडून दुसरीकडे पाहत होते. "माफ करा, मी इथं नवीन आहे. ते सगळं काम यांनी केलं, की टपालखात्याने?"

"तिने."

"पण त्या तर म्हणाल्या—"

"म्हणणारच. हिलाच घ्या."

डेलगाडो मोकळ्या मनाचे गृहस्थ होते. लवर्नबाईंचा शब्द मोडून या गावात नोकरी करता येत नाही, हेही ते शिकले होते. ते प्रसन्न हसले. "मिसेस स्टेनरुड, ही नोकरी आम्ही तुम्हाला देतो."

मार्डेलचे कान गरम झाले. टेबलाखाली तिने एका पायाने दुसरा पाय घट्ट दाबून धरला. "छे, नको," ती म्हणाली. "माझ्यापेक्षा चांगलं कुणीतरी असेलच तुमच्याकडे."

डेलगाडोंचं हसू मावळलं. "ओह. वाईट वाटलं. पण तुमच्या निर्णयाचा मी आदर करतो." ते उठले, हात पुढे केला आणि दाराकडे पाहून म्हणाले, "मग बाहेरच्या बाईंना आत—"

"बसा खाली," लवर्नबाई म्हणाल्या.

ते बसले.

"परत विचारा."

"पण त्यांनी नकार दिलाय."

"कुठं दिलाय? ही तर सुरुवात आहे. विचारा."

डेलगाडोंनी घसा साफ केला. "मिसेस स्टेनरुड, तुम्ही यावं अशी आमची खरंच इच्छा आहे."

"उगाच तुम्हाला त्रास," मार्डेल म्हणाली. तिची नजर टेबलाच्या कडेवर खिळली होती आणि आवाज जरा चिरकला होता. "मला सगळं पहिल्यापासून शिकवावं लागेल."

डेलगाडोंनी हताशपणे लवर्नबाईंकडे पाहिलं. बाईंनी नुसती काठीने जमिनीवर टकटक केली.

"प्लीज," डेलगाडो म्हणाले.

 मार्डेल उशीवर थोडी हलली.

"बरं," ती म्हणाली. "तुमची फारच अडचण होत असेल तर सोमवारी येऊन बघते मी."

ती उठली, दोघांचे आभार मानले, खुर्ची होती तशी सरकवली आणि बाहेर गेली. बाकावरच्या बाईची तिने माफीही मागितली, का ते न सांगता.

डेलगाडो खिडकीशी उभे राहिले. खाली मार्डेल शांतपणे गाडीकडे चालली होती. "लवर्न," त्यांनी विचारलं, "ते 'हो' होतं का?"

"हो? अहो, नाचायचीच बाकी राहिली होती ती."

मार्डेल गाडीत, वाट पाहत असलेल्या ऑर्लिनच्या शेजारी बसली. काचेतून दोन डोकी दिसत होती. एकमेकांकडे न बघता, समोरच्या भिंतीकडे पाहत काहीतरी बोलत होती. मग हॉर्न वाजला. एकदाच, छोटासा.

"धक्का लागला असेल हाताचा," डेलगाडो म्हणाले.

"ऑर्लिन स्टेनरुडचा हात? रस्त्यात हरीण येऊन उभं राहिलं तरी तो माणूस हॉर्न वाजवत नाही. गाडी बंद करून बसून राहतो." लवर्नबाईंनी गोधडी गुडघ्यांवर नीट ओढून घेतली. "चारचौघांच्या देखत काय हा धिंगाणा. पण असू दे. आजच्या दिवस चालायचंच."