दुकान चालू असल्याचा पुरावा

धंदा चालायला कसब आणि गिऱ्हाईक लागतं, हा गैरसमज आता मागे पडला आहे. धंद्याला हवी असते ती नोंद. शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्या मिस्तरीला हे त्याच्या मेव्हण्याने समजावलं. (मेव्हण्याने स्वतः कधीच धंदा केला नव्हता, त्यामुळे त्याचं मत निःपक्षपाती होतं.)

"भाऊजी, लोक आता दुकान बघत नाहीत, फोन बघतात."

मिस्तरीला पटलं. गिऱ्हाईक रोडावत चाललं होतं, आणि दुकान उठलं तर या वयात दुसऱ्याच्या हाताखाली राबावं लागेल, या धास्तीने त्याची झोप उडाली होती. त्याने झाडून साऱ्या पोर्टलांवर नोंदणी केली. एकाने त्याला 'अवजड यंत्रसामग्री'त घातलं, दुसऱ्याने 'सौंदर्य व निगा' या सदरात. दोघांनीही अभिनंदन केलं. मग चौकशांचा पाऊस पडला. निम्म्या दुसऱ्या पोर्टलांच्या होत्या, उरलेल्या निम्म्या त्याच पोर्टलांच्या. एका बाईंनी मात्र भुवया कोरायचे किती घेता, असं विचारलं. (हे खरं गिऱ्हाईक धरायला हरकत नाही.)

सगळ्यात मोठ्या पोर्टलाने दुकानाचा फोटो मागवला. नाव आणि नंबर ठळक दिसावेत, ही अट. मिस्तरीचं नाव आणि नंबर, गल्लीतल्या सगळ्यांसारखेच, शटरवर रंगवलेले होते. तेव्हा त्याने शटर खाली ओढलं, ओल्या फडक्याने पुसलं आणि फोटो पाठवला. पोर्टलाने तो बारकाईने तपासून निर्णय दिला: 'कायमचे बंद'.

मिस्तरीने तक्रार केली. उत्तर तत्काळ आलं: 'माहितीत बदल करण्याचा अधिकार केवळ चालू व्यवसायाच्या मालकास आहे.' यात खोट काढायला जागा नाही. बंद दुकानाचं ऐकत बसलं तर चालू दुकानांकडे कोण बघणार?

दुपारी बायकोचा फोन आला.

"अहो, दुकान बंद केलंत आणि मला एका शब्दाने बोलला नाहीत? माझ्या भावाला फोनमध्ये कळतं, आणि मला नाही?"

"अगं, मी दुकानातच बसलोय!"

"बसा. आता बसायचंच आहे."

संध्याकाळी समोरच्या इमारतीतल्या शिवणकाम करणाऱ्या मावशी आल्या. जुनं, हक्काचं गिऱ्हाईक. बिघडलेलं मशीन पायरीवर टेकवून त्यांनी फोन काढला.

"मावशी, या ना आत."

"अरे, यात बंद दाखवतंय."

"पण मी उघडून बसलोय की!"

मावशींनी त्याच्याकडे पाहिलं, मग फोनकडे पाहिलं. दोघांत फोन नवा होता.

"चांगलं दुकान होतं रे," त्या मनापासून हळहळल्या, आणि मशीन उचलून पुढच्या गल्लीत गेल्या. मिस्तरी खरोखरच शटर ओढून घरी गेला, आणि पोर्टलाची माहिती अखेर अचूक ठरली.

मावशींना हसणाऱ्यांनी एवढंच आठवून पाहावं: आज बाहेर ऊन किती आहे, हे आपण खिडकीतून पाहिलं, की खिडकीशी उभं राहून फोनमध्ये?