करड्या पाटीची बडतर्फी टळली त्याची हकीकत

श्री. वाचणारास आयुष्य, ऐकणारास धीर आणि मध्येच उठोन जाणारास क्षमा असो. शके १९४७, विश्वावसु नाम संवत्सरे, आषाढ वद्य पंचमीचे सुमारास एका राज्यी वर्तमान जाहले ते येणेप्रमाणे. दरबारी लहानथोर सर्वांपाशी चकचकीत पाट्या असत; खिशातील ती मोबाइल आणि हातातील थोर ती टॅबलेट. तीत बोलणे, पाहणे, नकाशा, बाजार, नाचगाणे सर्व विद्या होत्या. आणि एक जुनी करडी पाटी होती, तीस ई-रीडर म्हणत. तीस वाचावयास देण्यापलीकडे काही येत नसे. रंग नाही, आवाज नाही, पान उलटावे तर अंमळ डोळा मिटोन मग उघडी. ती राजश्री अंताजी नरहर वाचणीस यांचे ताब्यात होती. पंतांचे वय सत्तर, डोळे अधू, आणि पाटीवर अक्षर आवळ्याएवढे करोन दिवसभर वाचीत बसावे हा परिपाठ. तो सरदार रायाजी काटकर यांनी महाराजांचे कानी घातले की, "एका पाटीत सर्व आहे, तर एकच जाणणारी दुसरी पोसावी कशास? भंगारात द्यावी." महाराजांचे मर्जीस आले आणि हुकूम सुटला की, दसऱ्यापावेतो उपयोग दिसला तर ठीक, नाहीतर पाटी बडतर्फ. पंतांस हे कळले तेव्हा त्यांनी जेवण टाकले नाही, परंतु ताक मात्र घेतले नाही. घरच्यांनी त्यावरोन काय ते ओळखले.

मग भाद्रपदी नदीपलीकडील राजांचे वकील बापूजी गोविंद दळभारासह आले, मैदानी तंबू दिले आणि स्नेहाचा तह म्हणोन तीनशे चाळीस कलमांचा कागद पाट्यांवर धाडिला. रायाजींनी आंगठ्याने वरोन खाली एक सपाटा मारिला, तळाशी 'मान्य' म्हणोन खूण होती ती दाबिली, आणि "गोड तह आहे" म्हणोन महाराजांस कळविले. पंधरा दिवसांत तहातीलच कलम दाखवोन हरकत न घेतली तर तह पक्का, ऐसे ठरले. शिरस्ता म्हणोन एक नक्कल पंतांकडे गेली. पंत वाचू लागले. चौथे दिवशी रायाजी डोकावले आणि म्हणाले, "काय पंत, कोठवर आला?"

"एक्याण्णव."

"आम्ही एका श्वासात केला!"

"तुमची छाती मोठी, सरदार. आम्हांस दम लागतो."

दरबार हांसला. पंतही हांसले, कारण हांसणे बिनखर्ची होते, आणि मान खाली घालोन ब्याण्णवावे कलम काढिले. मग नववे दिवशी दोनशे बारावे कलम आले, त्यात मजकूर की, दसऱ्यापासोन या राज्याचे तख्त, हत्ती आणि आंबराई पैलतीरीच्या राजांकडे जाईल. पंतांनी तीन वेळा वाचिले, चष्मा पुसोन चौथ्यांदा वाचिले आणि अनवाणीच दरबारी धावत गेले. एकच गलबला जाहला. महाराज गरजले, "रायाजी, तुम्ही वाचले होते ना?"

"वाचावयास बसलोच होतो, महाराज. नवव्या कलमाशी आलो तो मेहुणीचा निरोप आला, मग तिने धाडलेली अळूवडीची कृती पाहिली, मग त्याखाली एक वासरू नाचत होते..."

"मग?"

"वासरू फार छान नाचत होते, महाराज."

महाराज म्हणाले, "फाडा तो तह!" कारभारी म्हणाले, "पाटी फाटत नाही, आणि मान्य तर दाबोन चुकलो." मग सर्वांनी आपापल्या पाटीवर सुटकेचे कलम शोधू म्हटले, आणि घटका न जाता कोणी पावसाचा अंदाज पाहतो, कोणी जोड्यांचे भाव पाहतो, ऐसे जाहले. पंत मात्र म्हणाले, "एकशे अठ्ठावीस राहिली आहेत, मजला बसू द्यावे," आणि खांबाशी उन्हात बसले. उन्हात चकचकीत पाट्यांत ज्याचे त्यास आपलेच तोंड दिसे. करडीवर अक्षर स्वच्छ. चौदावे दिवशी दोन प्रहरी पंत उठले आणि वकिलांस बोलावोन तीनशे एकतिसावे कलम मोठ्याने वाचिले: "पाहुण्यांनी येण्याचे तीन दिवस अगोदर यजमानास आपल्या आचाऱ्यांची संख्या न कळविल्यास करार रद्द, आणि मांडवासह सर्व सामान दुसऱ्या पक्षाचे."

वकिलांनी आपल्या पाटीवर तेच कलम काढोन पाहिले. "हे... हे आमच्या कारकुनाने कोण्या लग्नाच्या करारावरोन उचलोन डकविले असेल."

"आपण वाचले नाही?"

"खाली खूण होती, पंत. दाबिली."

"आचारी किती, ते कळविले?"

"ते राहिले," म्हणोन वकील जोडे शोधू लागले. तह आपल्याच तोंडाने बुडाला, तख्त राहिले, आणि पैलतीरीचे लोक तंबू, कनाती, अकरा कढया व झारे जागेवर टाकोन नावेत बैसले.

महाराज बहुत संतोषले आणि म्हणाले, "या पाटीस बक्षीस! हीस रंग द्या, घंटा बसवा, नाचगाणे घाला, वासरूही घाला!" पंतांनी पाय धरिले. "महाराज, हवे तर हीस भंगारात घालावे, परंतु काही शिकवू नये. दुसरे येत नाही म्हणोनच हिजवर वाचणे होते. मोबाइल मजपाशीही आहे, लेकीशी बोलतो, बरा आहे. हीस मात्र अडाणी राहू द्यावे." महाराज नवल पावले. "ऐसे काय आहे हिच्यात, पाहू," म्हणोन पाटी हाती घेतली, पंतांची एका भावजयीची कादंबरी अर्धी वाचावयाची राहिली होती ती पहिल्या पानापासोन काढिली, आणि वाचू लागले. दरबार उभाच. भोजनाची वर्दी आली, परत गेली. तिसरे दिवशी पंत महाली गेले. महाराजांनी मान वर न करिता म्हटले, "पंत, पाटीची नोकरी कायम. निर्धास्त असा."

"उपकार जाहले, महाराज. परंतु पाटी मजकडे केव्हा..."

"आता भावजय विहिरीकडे निघाली आहे. बोलू नका."

सारांश, राज्यी चकचकीत पाट्या होत्या तैशा नांदल्या आणि करडीची बडतर्फी टळली. ती अद्याप महाराजांपाशी आहे. पंत रोज सकाळी महालाचे पायरीवर जाऊन बसतात, आणि महाराज बाहेर आले की भावजयीचे पुढे काय जाहले, तेवढे विचारोन घेतात.