ग्वेंडाची फुकटची मतं

सेड्रिक पेनफोल्डच्या नावाची पितळी पाटी बाकावर बसली, त्या दिवसापासून लायनेल हॉबडेच्या पोटात दुखायला लागलं. बाक नेदर क्रॉम्बीच्या हिरवळीवर, बदकांच्या तळ्यासमोर होता. ‘कौन्सिलर सेड्रिक पेनफोल्ड यांच्या प्रयत्नाने’, एवढीच अक्षरं. पण लायनेल रोज सकाळी मुद्दाम त्याच बाकावर जाऊन बसायचा, आणि पाटी नेमकी त्याच्या पाठीला टोचायची.

“मग दुसऱ्या बाकावर बस ना,” ग्वेंडा म्हणायची. ग्वेंडा म्हणजे त्याची बायको.

“दुसरा बाक आहेच कुठे? एकच आणला ना तुझ्या सेड्रिकने!”

सेड्रिक कुंपणापलीकडचा शेजारी. त्याच्या घेवड्याला शेंगा आधी लागायच्या. त्याचा कुत्रा ‘बस’ म्हटलं की बसायचा. लायनेलच्या कुत्र्यालासुद्धा सेड्रिकनेच ‘बस’ म्हणावं लागायचं. गावात कुणाचा कचऱ्याचा डबा उचलायचा राहिला, कुणाच्या छपराच्या परवानगीचं घोडं अडलं, की लोक म्हणत, “सेड्रिकला सांगा.” लायनेल बत्तीस वर्षं विमा कंपनीत हुद्द्यावर होता, पण त्याला काही सांगावं असं गावात कुणालाही कधी वाटलं नव्हतं. हे दुःख साधं नाही. कुणाशी बोलायची सोय नाही, कारण तेसुद्धा लोक सेड्रिकलाच जाऊन सांगणार.

मे महिन्यात जिल्हा कौन्सिलच्या निवडणुका लागल्या. गावच्या प्रभागात दोन जागा होत्या. एका जागेवरच्या म्हाताऱ्या बाईंनी गुडघ्यांमुळे निवृत्ती घेतली होती, दुसरीवर सेड्रिक. लायनेलने त्याच दुपारी अपक्ष म्हणून उभं राहायचं ठरवलं.

“अरे वा,” ग्वेंडा म्हणाली. “दोन जागा, उमेदवार दोघंच. म्हणजे तू न बोलता निवडून आलास की.”

“मला निवडून यायचं नाहीये,” लायनेल फणकारला. “म्हणजे यायचंय, पण त्याला पाडून यायचंय. त्याच्या मांडीला मांडी लावून बसायला निघालोय का मी?”

रात्रभर त्याने गणित केलं. गणितात तो पक्का होता. मतदाराला मतं दोन. एक लायनेलला दिलं तरी दुसरं फुकट कशाला घालवायचं म्हणून माणूस ते सेड्रिकलाच देणार. तेव्हा तिसरं नाव हवं, लोकांचं दुसरं मत गिळून टाकणारं. नाव असं हवं की स्वतः निवडून यायची भीती नाही. न्याहारीला त्याने टोस्टवर लोणी लावणाऱ्या बायकोकडे पाहिलं, आणि त्याला ते नाव सापडलं.

“मी? मला नाही जमायचं हं,” ग्वेंडा म्हणाली. “मला त्यातलं ओ की ठो कळत नाही.”

“तेच तर हवंय! तू काहीही करायचं नाहीस. फक्त सही कर. लोक दुसरं मत तुझ्या नावावर टाकतील, सेड्रिक पडेल, आणि तू आपली पाचपन्नास मतं घेऊन घरी ये.”

“पाचपन्नासच?” ग्वेंडाने विचारलं. पण सही केली.

प्रचाराची सुरुवातच वाईट झाली. बागेत फलक ठोकायला लायनेलकडे हातोडा नव्हता. कुंपणावरून सेड्रिकचं डोकं वर आलं.

“लायनेल, माझा घण घ्या. थांबा, मीच खुंटा धरतो. तुम्हाला एकट्याला नाही झेपायचं.”

आणि तो खरोखर आला, खुंटा धरला, फलक तिरका लागला तर सरळही केला. ‘बदल हवा! हॉबडे हवा!’ असं त्यावर लिहिलं होतं. सेड्रिकने दोन पावलं मागे जाऊन ते वाचलं आणि म्हणाला, “छान. लांबून दिसतंय.” लायनेलला त्या रात्री जेवण गेलं नाही. शत्रूने शत्रूसारखं वागू नये म्हणजे काय?

मग दारोदार फिरणं. लायनेल पुढे, पत्रकांची पिशवी घेऊन ग्वेंडा मागे. दार उघडलं की लायनेल सुरू व्हायचा. पंधरा वर्षांत सेड्रिकने काय केलं, तर एक बाक! तोही टोचतो! लोक दाराच्या फटीतून ऐकत, पावसाकडे बघत, आणि “बरं, बरं” म्हणत. लायनेल पुढच्या दाराकडे वळला की ग्वेंडा हळूच म्हणायची, “माफ करा हं, तो जरा तापलाय. तुमचं खुब्याचं ऑपरेशन कसं झालं?” मग खुबा, मग सूनबाई, मग उचलायचा राहिलेला डबा, असं सगळं निघायचं. लायनेलला फाटकाबाहेर ताटकळावं लागायचं.

“काय गप्पा मारतेस? आपण मतं मागायला आलोय!”

“मी कुठे मागतेय?” ग्वेंडा म्हणायची, आणि ते खरं होतं.

गुरुवारी मतदान झालं. लायनेलने आपल्या गाडीतून गावातल्या सगळ्या म्हाताऱ्या गावच्या सभागृहात नेल्या आणि परत आणल्या. वाटेत प्रत्येकीला त्याने सेड्रिकचा इतिहास ऐकवला. ग्वेंडा मागच्या सीटवर बसून त्यांना पेपरमिंट देत होती आणि पट्टा लावून देत होती. उतरताना मिसेस टरव्ही नावाची नव्वदीची बाई म्हणाली, “हॉबडे, तुमची बायको फार गुणाची. तुम्हीही तसे बरे आहात हो.” त्या ‘तुम्हीही’चा अर्थ लायनेलला तेव्हा लागला नाही.

शुक्रवारी सकाळी शेजारच्या गावातल्या क्रीडा केंद्रात मतमोजणी होती. बॅडमिंटनच्या कोर्टावर लांब टेबलं, त्यांच्यामागे मोजणारे, समोर उमेदवार, आणि शेजारच्या पोहण्याच्या तलावातून येणारा क्लोरीनचा वास. लायनेलने छातीवर फितीचं एवढं मोठं फूल लावलं होतं की हनुवटी त्याला घासत होती. सेड्रिकचं फूल लहान, तेही गेल्या निवडणुकीचं. ग्वेंडाने लावलंच नव्हतं; तिने विणकाम आणलं होतं.

मतपत्रिकांचे गठ्ठे लागायला लागले. लायनेलची नजर सेड्रिकच्या गठ्ठ्यांवरून हलेना. एक त्याचा वाढला की एक याचा वाढायचा. तासाभराने लायनेलच्या लक्षात आलं, की टेबलाच्या टोकाला एक तिसरीच रांग आहे आणि ती दोघांच्याही पुढे गेली आहे.

“ते कुणाचे हो?” त्याने मोजणाऱ्या पोराला विचारलं.

“हॉबडेंचे.”

लायनेलचा चेहरा उजळला.

“मिसेस हॉबडे,” पोरगा म्हणाला.

गणित सरळ होतं, फक्त ते लायनेलने उलट्या बाजूने केलेलं नव्हतं. सेड्रिकच्या माणसांनी एक मत सेड्रिकला दिलं आणि दुसरं फुकट कशाला घालवायचं म्हणून ग्वेंडाला. लायनेलच्या माणसांनी एक लायनेलला, दुसरं ग्वेंडाला. आणि ज्यांना या दोघांच्या भांडणाचा वीट आला होता, त्यांनी फक्त ग्वेंडाला. गावातली दुसरी मतं गिळायला ठेवलेली बायको सगळं ताट चाटूनपुसून बसली होती.

इतकी वर्षं कुंपणापलीकडे जाऊन जळणारा लायनेलचा जीव त्या घटकेला पहिल्यांदा घरातच पेटला. “ती काहीसुद्धा बोलली नाही!” तो सेड्रिकलाच सांगायला लागला, कारण गाऱ्हाणं सांगायची सवय गावाला त्याचीच. “एक शब्द नाही! मी बोलून बोलून घसा बसवला!”

“हो ना,” सेड्रिक कळवळून म्हणाला. “ऐकू यायचं मला.”

निवडणूक अधिकारी मिसेस अँस्टी शिस्तीची बाई. तिने तिघांना टेबलापाशी बोलावलं. ग्वेंडा सर्वांत पुढे, तिची जागा पक्की. दुसऱ्या जागेसाठी सेड्रिक आणि लायनेल, दोघांनाही चारशे अडतीस. फेरमोजणी झाली. चारशे अडतीस. लायनेलने पुन्हा मागितली. पुन्हा तेच.

“आता कायद्याप्रमाणे चिठ्ठी काढायची,” मिसेस अँस्टी म्हणाली.

चिठ्ठ्या टाकायला भांडं हवं होतं. चहाचे सगळे कप भरलेले. शेवटी हरवलेल्या वस्तूंच्या पेटीतून कुणीतरी लहान मुलाची पोहायची टोपी आणली, पिवळी, वर बदकाचं चित्र. पंधरा वर्षांचा जळफळाट आणि प्रभागाचं भवितव्य त्या टोपीत घडी घालून पडलं. लायनेलने डोळे मिटले. देवाशी त्याचं फारसं बोलणं नव्हतं, पण तेव्हा त्याने एकच मागितलं: बायको पुढे गेली तर गेली, ते नंतर बघू, पण एकदा, आयुष्यात एकदाच, सेड्रिक मागे राहू दे.

मिसेस अँस्टीने मान फिरवून हात घातला. “लायनेल हॉबडे.”

लायनेलने अशी आरोळी ठोकली की शेजारच्या तलावातल्या जीवरक्षकाने शिट्टी वाजवली. ती ओसरली तशी त्याने सेड्रिकचा पडलेला चेहरा बघायला मान वळवली. याच चेहऱ्यासाठी त्याने एवढं सगळं केलं होतं. पण चेहरा पडलेला नव्हता. सेड्रिक हात पुढे करून उभा होता.

“अभिनंदन, लायनेल. मनापासून. म्हणजे माझं मत वाया नाही गेलं.”

“कसलं मत?”

“माझं हो. एक ग्वेंडाला दिलं, एक तुम्हाला. स्वतःच स्वतःच्या नावापुढे फुली मारायची, हे बरं दिसत नाही. आमच्या वडिलांनी क्रिकेट क्लबातसुद्धा कधी मारली नाही.”

लायनेलचा हात त्याच्या हातात तसाच राहिला. स्वतःला एक मत दिलं असतं तर सेड्रिक सरळ निवडून आला असता. लायनेलला एक कमी दिलं असतं, तरीही. म्हणजे ही जागा, ही आरोळी, हा विजय, सगळं त्याने दिलेलं होतं. खुंटा धरावा तसा त्याने निकालसुद्धा धरला होता.

“अगंबाई,” ग्वेंडा विणकाम आवरत म्हणाली, “मीही तेच केलं. एक लायनेलला, एक तुम्हाला. स्वतःला कसं देणार? लाज वाटते.”

मग दोघंही वळून लायनेलकडे बघायला लागले. काही विचारलं नाही. त्या लोकांत असं विचारत नाहीत. नुसते हसऱ्या चेहऱ्याने थांबले. मिसेस अँस्टीही थांबली. जिल्ह्याच्या साप्ताहिकाची वार्ताहर मुलगीसुद्धा थांबली.

लायनेलने एकच फुली मारली होती, स्वतःच्या नावापुढे, इतकी दाबून की दोरीला बांधलेल्या पेन्सिलीचं टोक मोडलं. मग तो क्षणभर ग्वेंडाच्या नावापाशी थबकला होता. पण बायकोला आपल्यापेक्षा एक मत जास्त पडलं तर लोक काय म्हणतील, या विचाराने त्याने मतपत्रिका घडी करून पेटीत टाकली होती.

“मीपण,” लायनेल म्हणाला. “मीपण तेच. तुम्हा दोघांना.”

सेड्रिकने त्याचा हात सोडला आणि खिशातून रुमाल काढला. “लायनेल,” तो म्हणाला, आणि डोळे पुसायला लागला. ग्वेंडाने लायनेलच्या गालावर, सगळ्यांदेखत, ओठ टेकले. एवढं तिने मुलीच्या लग्नातही केलं नव्हतं. “मला वाटलं होतं, तू मला मत देणार नाहीस,” ती हळूच म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले होते. लायनेलला खरं काय ते सांगून टाकावंसं वाटलं. पण वार्ताहर मुलगी लिहून मोकळी झाली होती.

पुढच्या आठवड्यात पेपराच्या पहिल्या पानावर तिघांचा फोटो होता. मथळा होता, ‘स्वतःला मत कुणीच दिलं नाही!’ आत लायनेलवर अख्खा परिच्छेद होता: एवढा अटीतटीचा प्रचार करूनही ज्याने मतदानाच्या क्षणी प्रतिस्पर्ध्यालाच मत दिलं, असा दिलदार माणूस. दुकानात पाव घ्यायला गेला तर बाईने सुटे पैसे मोजता मोजता थांबून सांगितलं, “हॉबडे, आम्ही तुम्हाला ओळखलंच नाही हो.” चर्चच्या पाद्र्याने रविवारी नाव न घेता दाखला दिला, आणि सगळ्या माना लायनेलकडे वळल्या. मिसेस टरव्हीने केक पाठवला. सेड्रिक रोज संध्याकाळी कुंपणावर येऊन घेवडा द्यायला लागला, आणि कचऱ्याच्या डब्याचं कुणी त्याला सांगायला गेलंच तर म्हणायचा, “लायनेलला सांगा. तो माझ्यापेक्षा भला माणूस आहे.”

ग्वेंडाने ते कात्रण फ्रिजवर लावलं. सकाळी दूध काढताना लायनेल त्याच्यासमोर उभा राहिला. फोटोतला लायनेल हॉबडे हसत होता, निर्मळ, मोठ्या मनाचा, बायकोच्या खांद्यावर हात टाकून. त्याला गाव मानत होतं. त्याच्यावर ग्वेंडाचा जीव जडला होता. सेड्रिकसुद्धा त्याचं नाव घेताना डोळे पुसायचा.

सेड्रिकचा हेवा वाटेनासा होऊन आठवडा झाला होता, हे लायनेलच्या लक्षात आलं. तो बराच वेळ त्या फोटोकडे बघत राहिला. दूध हातातच होतं. हा माणूस जरा अतीच करतो, असं त्याला वाटलं. उगाच मोठेपणा. पुढच्या निवडणुकीत याला पाडायला कोण उभं करता येईल, याचा विचार करतच त्याने फ्रिजचं दार लावलं.