टेंभुर्णीच्या शिवारातली खरखर-चाचणी

कोणत्याही यंत्राने शेजाऱ्याला त्रास देऊ नये, हे सुधारलेल्या जगाचं पहिलं लक्षण आहे. (माणसांसाठी असा नियम अद्याप विचाराधीन आहे.) म्हणूनच १९९४ साली जालन्याच्या अप्पारावांनी आपल्या शेडमध्ये जुळवलेल्या कॉम्प्युटर प्रिंटरला खरेदीवाल्यांनी अट घातली: यंत्र चालू असताना जवळच्या रेडिओत खरखर होता कामा नये, आणि तसा दाखला जोडावा. दाखला नाही तर ऑर्डर नाही, ऑर्डर नाही तर शेडला कुलूप. अप्पारावांना अन्न गोड लागेना.

अशी चाचणी मोकळ्या रानात, लोखंडापासून दूर करतात, असं त्यांच्या इंजिनिअर मच्छिंद्रने वाचलं होतं. अप्पारावांच्या थोरल्या बहिणीचं, दुर्गाबाईंचं, टेंभुर्णीला शेत होतं. तिथे विहिरीवरून वायर ओढून प्रिंटर लाकडी पाटावर ठेवला. पाटाचे खिळे शास्त्राला धरून उपटले, त्यामुळे पाट दोनदा मोडला. अँटेना वर-खाली करून बघावी लागते, सबब दुर्गाबाईंचे यजमान कडूबा गळ्यात रेडिओ अडकवून कडुलिंबावर चढले. मोजायचं यंत्र परवडणारं नव्हतं, म्हणून पंचनामा करायचं ठरलं. पाच पंचांत मीही होतो. खरखरीचे वर्ग तीन: निरंक, सोसण्याजोगी आणि रेडिओ आपटण्याजोगी.

संध्याकाळी रेडिओवर बाजारभाव लागले. प्रिंटर सुरू केला. कापूस उतरला होता.

"काय ऐकू येऊन राह्यलं?" मच्छिंद्रने खालून विचारलं.

"कायबी न्हाई. नुसती खरखर," कडूबा वरून म्हणाले. पंच बिलकुल सहमत.

दुसऱ्या दिवशी कापूस आणखी उतरला आणि खरखर थेट आपटण्याजोगी झाली. मच्छिंद्रने प्रिंटरला आतून पत्रा लावला. पत्रा लावूनही कापूस उतरला. मंग प्रिंटर बंद ठेवून पाहिला, तरी खरखर तेवढीच. (यंत्र बंद असतानाही उपद्रवी आहे, अशी नोंद झाली.)

अप्पाराव बांधावर डोकं धरून बसले. "अक्का, माझं समदं बुडालं."

दुर्गाबाईंचा जीव तुटला. "त्या रेडिओवाल्याचं कशाला ऐकता रे? बंद करा तो जल्दी. मी सांगते बाजारभाव."

रेडिओ बंद झाला. प्रिंटर करकरत पूर्ण जोरात चालला, आणि दुर्गाबाईंनी पाटाशेजारी उभं राहून कापूस, तूर, मूग असे काही चढवले, की मोंढ्याच्या बाजारातल्या अडत्याला भोवळ आली असती. शब्द न् शब्द पाचही पंचांना बराबर ऐकू आला. कडूबा तर लिंबावरच डोळे पुसायला लागले. खरखर निरंक. आम्ही लगेच सह्या ठोकल्या, दाखला जोडला गेला आणि शेड वाचली.

आता तुम्ही हसणार. हसा. पण पगारवाढीची बातमी चालू असताना तुमच्या टीव्हीवर कधी मुंग्या आल्याचं आठवतं का? आणि स्वयंपाकघरातून आलेली "तेवढं दळण आणा" ही हाक तुम्हाला पहिल्याच वेळी कधी ऐकू गेली? आम्ही निदान पाच पंच तरी बोलावले होते. तुम्ही एकट्यानेच सही करून मोकळे होता.