हरेश्वरकाका आणि पुढे न जाणारं पान

नरपडच्या स्मशानात एकदा आमच्या आळीतल्या एका म्हाताऱ्याला अग्नी देत होते. गर्दी दाटली होती. तेवढ्यात मागून खणखणीत आवाज आला, "पुढे सरका, पुढे भरपूर जागा आहे." कोणी सरकलं नाही. चितेच्या दिशेनं सरकायची हौस कोणाला असणार? म्हाताऱ्याच्या मुलानं मान वळवून पाहिलं, तर हरेश्वरकाका स्वतःच जीभ चावून उभे होते.

हे आमचे शेजारी. सगळी नोकरी एसटीत कंडक्टर म्हणून केली. डहाणूहून चारोटीमार्गे तलासरी आणि तिथून आत वेवजीपर्यंत. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण माणूस अजून गाडीतून उतरलेला नाही. आमच्या दारावर थाप मारतात ती डबल बेलसारखी. लग्नाच्या पंगतीत रिकाम्या पाटाकडे बोट दाखवून पाहुण्यांना बसवतात. गुजरातकडचे पाहुणे असले तर तेच "पुढे चला" गुजरातीत, "आगळ चालो, आगळ चालो" सुरू होतं. दारात कोणी उभं राहिलेलं त्यांना आजही खपत नाही.

पुढे त्यांच्या बायकोला, विमलकाकूंना, लकवा मारला. वाचा गेली, अंग गेलं. डोकं मात्र शाबूत राहिलं, आणि डाव्या हाताची दोन बोटं राहिली. तीही फक्त आत, तळव्याकडे वळायची. सैल सोडली की आपसूक सरळ व्हायची, पण बाहेर ढकलायची ताकद त्यांच्यात नव्हती. डॉक्टरांनी सांगितलं, आता यापुढे काही सुधारणा होणार नाही.

काकूंना पेपर वाचायचं भयंकर वेड. पहिल्या पानावरच्या मथळ्यापासून शेवटच्या निधनवार्तेपर्यंत एक ओळ सोडायच्या नाहीत. आता काका वाचून दाखवायला लागले. पण काकांचं वाचन म्हणजे थांब्यांची नावं पुकारणं. शिवाय प्रत्येक बातमीवर स्वतःचं मत, आणि छोट्या बातम्यांना थांबा नाही. काकू ऐकून घ्यायच्या आणि मग डोळे मिटायच्या. नको म्हणायचा तेवढाच एक मार्ग त्यांच्याजवळ उरला होता.

"तिला माझं वाचन नको असतं, मास्तर," काका मला म्हणाले. मी डहाणूच्या एका शाळेत कॉम्प्युटर शिकवतो, म्हणून मी मास्तर. "तिचं तिला वाचता आलं पाहिजे. दोन बोटांत जमेल असं काहीतरी बघा."

मोबाइल देऊन पाहिला होता. तो हातात राहत नव्हता. हात जिथे ठेवावा तिथेच राहायचा. म्हणून मी लॅपटॉप सुचवला. पलंगावरच्या छोट्या टेबलावर तो ठेवायचा, काकूंचा हात टचपॅडवर ठेवायचा, आणि दोन बोटं सरकली की पेपरचं पान सरकेल. सांगताना फार सोपं वाटलं होतं.

आधी काकांना शिकवणं आलं. टचपॅडवर हलकी टिचकी मारा म्हटलं, तर त्यांनी कॅरमच्या स्ट्रायकरला मारतात तशी मारली. मग एक टिचकी म्हणजे थांबा आणि दोन म्हणजे चला, असं त्यांनी परस्पर ठरवून टाकलं. पान अडलं की डबल बेल द्यायचे, आणि कुठली तरी भलतीच जाहिरात उघडायची. दोन बोटं फाकवली की अक्षरं मोठी होतात हे कळल्यावर त्यांनी इतकी फाकवली, की सबंध पडद्यावर एकच 'म' उरला. "मोठं दिसतंय ना? मग झालं," म्हणाले. मी कपाळाला हात लावला. वर्गात पन्नास पोरं परवडतात, हा एक विद्यार्थी परवडत नव्हता.

पण खरी रड पुढेच होती. काकूंचा हात ठेवला, पेपर उघडला. काकूंनी सगळा जीव एकवटून बोटं आत वळवली, आणि पान हललंच नाही. मी थोडं खाली नेऊन दिलं. त्यांनी पुन्हा बोटं वळवली, तर पान उलटं धावलं आणि परत पहिल्या मथळ्यावर येऊन थांबलं. पुन्हा तेच. पान पुढे न्यायला बोटं बाहेर ढकलावी लागत होती, आणि नेमकं तेच त्या बोटांना येत नव्हतं. काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मला तिथून पळून जावंसं वाटलं.

काका मात्र हटले नाहीत. रोज सकाळी ती दोन बोटं धरून बाहेर ढकलायची कसरत सुरू झाली. "पुढे सरका, पुढे सरका," चाललेलं आमच्या स्वयंपाकघरात ऐकू यायचं. एक दिवस आवाज चढला, आणि मग एकदम बंद झाला. खिडकीतून पाहिलं तर काका चिकूच्या झाडाखाली पाठ करून बसले होते.

त्यानंतर मी गेलो तर वेगळाच प्रकार. लॅपटॉप उलटा फिरवलेला, पडदा भिंतीकडे. काकूंचा हात पडद्याच्या पलीकडे नेऊन ठेवलेला. आणि भिंतीला टेकवून काकूंचा आरसा. "आता तिचं आत म्हणजे त्याचं बाहेर," काका म्हणाले. हिशेब बरोबर होता. फक्त आरशात सगळी अक्षरं उलटी दिसत होती. काकूंनी डोळे मिटले होते.

"गाडी पुढे गेली की झाडं मागे जातात, मास्तर," काका थकून म्हणाले. "मग या डबड्यात आम्ही झाडं का ढकलायची? गाडी चालवू द्या की तिला."

तेव्हा कुठे मला एक सेटिंग आठवली. कधी लागलीच नव्हती. टचपॅडच्या सेटिंगमध्ये स्क्रोलची, म्हणजे पान सरकण्याची, दिशा बदलायचा पर्याय असतो. बोटं खाली ओढली की पान पुढे. मी लॅपटॉप सरळ केला, दिशा बदलली, काकूंचा हात जागेवर ठेवला. बोटं वळली, आणि पान पुढे गेलं. पुन्हा वळली, पुन्हा गेलं. त्या दिवशी काकूंनी निधनवार्तांपर्यंत पेपर वाचला.

आता त्या घरात सकाळी आवाज नसतो. काकू वाचतात, काका शेजारच्या खुर्चीत गप्प बसून असतात. त्यांना असं गप्प बसलेलं पाहण्याची आम्हाला सवय नाही. बरं वाटत नाही.

एक अडचण मात्र राहिली होती. दिशा बदलल्यामुळे काकूंना पुढे जाता येतं, मागे येता येत नाही. पान तळाला गेलं की अडकतात, कारण पुढचा रकाना पुन्हा वरून सुरू होतो. मी काकांना म्हटलं, पान शेवटाला गेलं की आपोआप वर येईल अशी काहीतरी सोय करून देतो, घटकाभराचं काम आहे.

काकांनी माझा हात धरून मला ओट्यावर नेलं.

"नको, मास्तर," ते हळू आवाजात म्हणाले. "पान संपलं की ती माझ्याकडे बघते. मग मी उठून वर नेऊन देतो. सबंध सकाळीत तेवढंच बघते ती माझ्याकडे."