इंदूच्या वाटेवरचे सात किलोमीटर

रंगनाथ ढोबळ्यांच्या ट्रकला मोठे टायर बसवले, त्या दिवसापासून त्यांच्या लेकीचं सासर सात किलोमीटरनं जवळ आलं.

यात न कळण्यासारखं काही नव्हतं. जुन्या टायरचा एक फेरा तीन मीटरचा होता, नव्याचा सव्वातीन मीटरचा. ट्रकच्या कॉम्प्युटरला मात्र टायर बदलल्याचं कुणी कळवलं नाही. तो बिचारा जुन्याच मापानं फेरे मोजत राहिला. हिवरगाव ते कोळवडे अंतर अठ्ठ्याऐंशी किलोमीटर. कॉम्प्युटरच्या मते ते एक्क्याऐंशी भरलं. दोघांपैकी कुणीतरी माघार घ्यायला हवी होती, ती रस्त्यानं घेतली.

लोहारखिंडीच्या पायथ्याशी एकेचाळिसावा दगड लागायचा आणि त्याच्या पाठोपाठ एकोणपन्नासावा. मधले सात दगड बाकीच्या गाड्यांना नेहमीसारखे लागत. एस.टी.ला लागत, दुधाच्या टेम्पोला लागत. रंगनाथरावांच्या ट्रकला लागत नसत. एखाद्याला ते सुखाचं वाटलं असतं, पण त्या सातांत पंचेचाळिसावा दगड होता, आणि त्या दगडाला लागून हौसाबाई शेवाळ्यांचं हॉटेल होतं.

रंगनाथराव दर बुधवारी कोळवड्याच्या दूधसंघाला सरकी पेंड पोचवत. पेंड उतरेपर्यंत तास-दीड तास लागे, तेवढा वेळ ते संघासमोरच असलेल्या इंदूच्या घरी बसत. आता ढोबळ्यांच्या घरची रीत अशी, की लेकीच्या पोटी मूल येईपर्यंत बापानं तिच्या घरचं अन्न खायचं नाही. रंगनाथरावांच्या वडलांनी ती पाळली होती, आजोबांनी तर पाणीसुद्धा बरोबर नेलं होतं. इंदूच्या लग्नाला सहा वर्षं झाली होती. ही सहा वर्षं रंगनाथराव हौसाबाईंकडे भाकरी-पिठलं खाऊन पुढे जात, आणि इंदूनं "आबा, जेवताय न्हवं?" म्हटलं, की "आत्ताच जेवून आलोय बघ" असं म्हणत. ते खरं असायचं. खरं बोलल्याचा त्यांना फार आधार होता.

मोठ्या टायरनिशी ते पहिल्यांदा कोळवड्याला पोचले ते सपाटून भूक घेऊन.

"आबा, जेवताय न्हवं?"

"जेवून आलोय."

इंदूनं त्यांच्याकडे पाहिलं. मग ती बाहेर गेली, ट्रकच्या पायरीवर चढून कॉम्प्युटरवरचा आकडा बघून आली.

"एक्क्याऐंशी दाखवतंय," ती म्हणाली. "म्हंजे हौसाबाईंचं हॉटेल लागलंच न्हाई तुमाला. मग जेवला कुठं?"

रंगनाथरावांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. इंदूनं पाण्याचा तांब्या पुढे केला. पाणी रीतीत बसत होतं, वडलांच्या काळापासून. ते त्यांनी दोनदा मागून घेतलं.

पुढच्या बुधवारी बायकोनं डबा बांधून दिला. तो त्यांनी कोळवड्याच्या वेशीवर लिंबाखाली बसून खाल्ला. हात धुवेपर्यंत ही बातमी इंदूच्या सासूपर्यंत पोचली होती. सासू भली बाई, ती एवढंच म्हणाली, "व्याही, आमच्या दाराम्होरं चूल पेटती, आन् तुमी रस्त्यावर जेवता?" इंदू आत भांडी लावत होती. तिचा आवाज आला नाही, भांड्यांचा आला. त्यानंतर त्यांनी डबा नेला नाही. आपल्या न जेवण्यात लेकीला दर बुधवारी स्वतःची रिकामी ओटी दिसते, हे त्यांना सहा वर्षांपासून कळत होतं. पण पोट भरलेलं असलं, की कळलेलं जरा लांब ठेवता येतं.

दोन महिन्यांनी रस्ते खात्याचं पत्र आलं. 'आपल्या वाहनाने रस्त्यावरील सात किलोमीटरचा वापर विनापरवानगी बंद केल्याचे निदर्शनास आले आहे. याबाबत हौसाबाई शेवाळे यांची लेखी तक्रार प्राप्त झाली असून त्या दर बुधवारी आपले ताट वाढून ठेवतात. तरी खुलासा करावा.'

रंगनाथराव कार्यालयात गेले. पाटणकर बाई नावाच्या अधिकारी होत्या. त्यांनी फाईल उघडली.

"किलोमीटर आपल्याकडे आहेत का?"

"न्हाईत बाई. ट्रकमधी बघितलं. हौद्यातबी न्हाईत."

"मग ते कॉम्प्युटरनं धरून ठेवलेत. टायरचं नवं माप घालून घ्या, म्हणजे तो सोडेल." त्यांनी एक फॉर्म पुढे सरकवला. "किलोमीटर परत मिळाल्यावर आठ दिवसांत हा भरून द्या. शेवटचा रकाना महत्त्वाचा आहे. परत घेतलेल्या किलोमीटरचा वापर कशासाठी करणार, ते लिहायचं."

"जेवायला."

"आत्ता नका सांगू. आधी वापरून बघा, मग लिहा. लोक घाईनं लिहितात आणि नंतर खाडाखोड करतात."

मकबूलभाई फिटरनं माप घेतलं. त्यांनी टायरवर खडूनं एक रेघ ओढली, तिच्याखाली जमिनीवर दुसरी, आणि रंगनाथरावांना ट्रक हळूच पुढे घ्यायला सांगितलं. टायरवरची रेघ पुन्हा जमिनीला टेकली तिथं तिसरी रेघ आली. दोघांनी टेप धरला. सव्वातीन मीटर. मकबूलभाईंनी कॉम्प्युटरला वायर जोडली आणि आकडा घातला. कॉम्प्युटर थोडा वेळ गप्प राहिला. मग त्यानं आकडा मान्य केला.

"वाईट वाटलं असंल त्याला," मकबूलभाई म्हणाले. "इतके दिवस आपण बरोबर मोजतोय असंच त्याला वाटत होतं. पण आता तुमच्या जेवणाचा प्रश्न सुटला, ढोबळे."

रंगनाथरावांनी संध्याकाळी इंदूला फोन करून कळवलं.

"बरं झालं, आबा," ती म्हणाली. "आता उपाशी बसावं लागणार न्हाई तुमाला माझ्याकडं."

ती मनापासून म्हणाली. तिनं मनापासून म्हटलं नसतं, तर त्यांना त्या रात्री झोप लागली असती.

बुधवारी एकेचाळिसाव्या दगडानंतर बेचाळिसावा आला. रंगनाथरावांनी हॉर्न वाजवून त्याला रामराम केला. दगड सगळे होते, फक्त दोन महिने न वापरल्यानं थोडे गवतात गेले होते. पंचेचाळिसाव्याजवळ हौसाबाई दारात उभ्या होत्या. सत्तरीची बाई, पण ट्रकचा आवाज त्या खिंडीतून ओळखत.

"आठ बुधवार कुठं हुता?"

"मी येत हुतो, मावशी. तुमी लागत नव्हता."

"आमी हितंच हुतो." त्यांनी ताट मांडलं. पिठलं, भाकरी, कांदा, ठेचा. "बसा."

रंगनाथराव बसले. हात धुतले. भाकरीचा पापुद्रा वाफेनं फुगलेला होता आणि भूकही चांगलीच लागली होती. त्यांनी तुकडा मोडला आणि तसाच हातात धरून ठेवला.

"मावशी, ह्ये सात किलोमीटर नसतानाबी मी लेकीकडं जेवलो न्हाई. पोटात कावळे वरडत हुते, तरी न्हाई."

"रीत हाय तुमची."

"हाय. पर त्या पोरीनं आठ बुधवार ताट वाढून झाकून ठेवलं. तुमच्यासारखंच."

हौसाबाईंनी त्यांच्या हातातल्या तुकड्याकडे पाहिलं. मग त्यांनी ताट उचललं, तुकडाही काढून घेतला, आणि ठेचा तेवढा केळीच्या पानात बांधून त्यांच्यापुढे ठेवला.

"लेकीला म्हणावं, ह्यो माझा हाय. तिखट हाय, बेतानं वाढ."

"तक्रार मागं घेताय न्हवं?"

"चहाला थांबत जावा. मग घेते."

ते कोळवड्याला पोचले तेव्हा कॉम्प्युटरवर पुरे अठ्ठ्याऐंशी होते. इंदू पायरीवर चढून आकडा बघून आली. तिचा चेहरा ठीक होता. तिनं तो ठीक ठेवला होता. तांब्या पुढे करून ती सवयीनं म्हणाली, "जेवूनच आला असाल."

"न्हाई," रंगनाथराव म्हणाले. "हॉटेल लागलं हुतं. बसलो, हात धुतला आन् उठलो. वाढ."

इंदू हलली नाही. "आबा, आजून काय..." ती म्हणाली. "तसं काय न्हाई आजून."

"मी कुठं काय इचारलं? भूक लागलीय. वाढ म्हणतोय."

सासूबाईंनी पाट आणून मांडला. इंदूनं ताट वाढलं, हौसाबाईंचा ठेचा बेतानं. वांग्याच्या भाजीत मीठ अंमळ जास्त पडलं होतं, ते कुणी बोललं नाही. ती समोर बसून राहिली आणि बापाचा प्रत्येक घास पोटात उतरेपर्यंत बघत राहिली. दुसऱ्या भाकरीला रंगनाथरावांनी डाव्या हातानं खिशातून फॉर्म काढला.

"ह्यो शेवटचा रकाना भर. माझा हात खरकटा हाय."

इंदूनं डोळे पुसून वाचलं. "परत घेतलेल्या किलोमीटरचा वापर. काय लिहू?"

"लिही, हौसाबाईंकडं चहा. जेवण पुढं."

तिनं तसंच लिहिलं, खाडाखोड न करता. मग रंगनाथरावांनी तिसरी भाकरी मागितली, आणि ती तव्यावर टाकायला इंदू आत गेली.